सुरगाठ

"सुरगाठ मारायची नाही, हे तुला कितीदा सांगायचं, आई?" प्रज्ञेशनं तिसऱ्यांदा विचारलं. शालन पायांचा चिखल धूत होती.

ओट्यावर नथू बसला होता. नथू तिचा चुलत दीर, वस्तीत भिंतीला भिंत लागून घर. शालनची सून पायल हिनं पुढं ठेवलेला चहा त्यानं अजून उचलला नव्हता, यावरूनच तो किती चिडलाय ते कळत होतं. आरडाओरडा त्याला कधी जमला नाही. पहाटे शालनची म्हैस, मोरी, दाव्याला हिसका देऊन सुटली होती आणि थेट त्याच्या भाताच्या रोपात जाऊन उभी राहिली होती. लावणीला आलेलं रोप. अर्धं खाल्लं, उरलेल्यातलं बरंच तुडवलं. जुलै सरत आलेला, पुन्हा पेरून रोप यायची वेळ गेली.

"डोंगर यायचा तवा येईल, वयनी," नथू शेवटी म्हणाला. "त्याच्या आधी तुमची म्हसच आली."

सुनेला हसू आलं. तिनं ते तोंड फिरवून लपवलं, पण शालनला दिसलं.

प्रज्ञेशचा रविवार होता, म्हणजे आठवड्यातून एकदा मिळणारी झोप. तळेगावच्या कारखान्यात सहा दिवस उभं राहणाऱ्या माणसाला पहाटे म्हशीमागं चिखलात पळवलं होतं, तो राग वेगळाच. अख्खी वस्ती दाव्याला निरगाठ मारते, म्हणाला, कुणाची म्हैस मेली? अजून मेली नाही, एवढंच शालन बोलली आणि ते बोलायला नको होतं. मग त्यानं सगळंच काढलं. दाराआड बांधून ठेवलेलं बोचकं, निघायच्या तयारीनं पावसाळाभर साडी नेसून ओट्यालगत झोपणं, पाऊस वाढला की एकटीनं वर माळावरच्या बुद्धविहारात जाऊन पडणं, आणि त्यावरून कारखान्यात येणाऱ्या गावच्या पोरांनी त्याला विचारणं, काय रे, तुझी आई परत वर गेली का? यापुढं म्हैस तो बांधणार होता. नाहीतर ती बाजारात जाणार होती. आपल्या रोपातलं निम्मं नथूकाकाला द्यायचं, हेही त्यानंच जाहीर केलं. त्याला शालनची ना नव्हती. आपल्या खाचराचा निम्मा भाग यंदा मोकळा राहणार, हे तिनं म्हैस वळवून आणतानाच मनाशी धरलं होतं.

तेव्हा कुठं नथूनं निवलेला चहा घेतला.

शालनच्या हाताला सुरगाठ लागली ती माहेरी. पवनेच्या बाजूला, डोंगराच्या अगदी पोटाशी तिचं माहेर. ती परकरात असताना एका श्रावणात गोठ्यामागची दरड उतरली. फार मोठी नव्हती, पेपरात वगैरे काही आलं नाही. माणसं बाहेर पळाली, बैल दाव्यालाच राहिले. भिजलेल्या दाव्याची निरगाठ दगडासारखी होते. तिचे वडील ती नखांनी, मग दातांनी सोडवत होते. चिखल बैलांच्या छातीला लागला तरी ते हटेनात, तेव्हा भावांनी त्यांना काखेत धरून ओढून आणलं. बैल माना उंच करून बघत राहिले. त्यानंतर वडिलांनी जन्मभर प्रत्येक जनावर सुरगाठीनं बांधलं, मोकळं टोक ओढलं की दावं हातात. शालन ते बघून शिकली. पुढं लग्न होऊन आली तीही डोंगराखालीच.

इथला डोंगर बरीच वर्षं काही बोलला नाही. मग एका पावसाळ्यात वस्तीच्या वर, गुरं चरतात तिथं, जमिनीला भेग दिसली. साहेब लोक आले, खुंट्या ठोकल्या, जोराचा पाऊस लागला की सगळ्यांनी डोंगरापासून बाजूला, माळावरच्या विहारात जायचं असं सांगून गेले. पहिल्या वर्षी सगळे गेले. लग्नघरासारखी गंमत होती. बायकांनी एकत्र खिचडी टाकली, म्हाताऱ्यांनी पत्ते काढले, कुणी जुनी भीमगीतं म्हटली. सकाळी डोंगर जागच्या जागी. दुसऱ्या वर्षी निम्मी वस्ती गेली. नंतर कुणाची परीक्षा निघाली, कुणाची शिफ्ट, कुणाला विहाराच्या फरशीनं कंबर धरायची. भेगेत गवत उगवलं. पोरं तिच्यावरून उड्या मारायला लागली.

शालनचा नवरा निवृत्ती होता तोवर तो बरोबर यायचा. कुरकुरत यायचा, पण बोचकं त्याच्या खांद्यावर असायचं. विहाराच्या पायरीवर बसून तो खाली वस्तीतले दिवे बघायचा आणि म्हणायचा, "समदे सुखात हायेत, आपुनच बिऱ्हाड घिऊन बसलोय." तो गेल्यापासून शालन एकटीच जायची. विहार झाडायची, बाबासाहेबांच्या फोटोखाली मेणबत्ती लावायची आणि म्हशीला पायरीशी बांधायची. त्यावरूनही कुरबूर झालीच होती, विहाराला गोठा करून ठेवलाय म्हणून.

त्या रविवारी दुपारी तिनं आणि नथूनं मिळून तिच्या वाफ्यातलं रोप उपटलं. पाऊस एकसारखा पडत होता. दोघं वाकून मुळं धूत होती, जुड्या बांधत होती. नथूचा राग आता गेला होता. त्यानं सांगितलं की दुसऱ्या वर्षी तोही विहारात आलाच होता. सकाळी अंथरूण बगलेत मारून परत घरी जाताना रस्त्यात न आलेली माणसं चहा पीत उभी होती, त्यांनी विचारलं, काय पाव्हणं, कसं झालं? त्यानंतर त्याचे पाय निघेनात.

शालननं एक जुडी उचलून त्याच्यापुढं धरली. "हिला कंची गाठ मारलीय, भावजी?"

नथू हसला. जुडीला सगळेच सुरगाठ मारतात. लावताना एका झटक्यात सुटायला हवी.

"जुडी उद्याच सोडायचीय, वयनी," तो म्हणाला. "म्हस कवा सोडायची ते कुणाला ठावं? त्यो दिस आलाच न्हाई तर?"

"न्हाई आला तर बरंच."

"आन् ह्ये रोप गेलं त्ये?"

इतकी वर्षं शालनला वाटायचं की आपल्याला कुणी नीट विचारत नाही. आज नथूनं नीट विचारलं होतं, टिंगल केली नव्हती, आणि ती हातातल्या जुडीची मुळं पुन्हा धूत बसली. नथू आपल्या वाटणीच्या जुड्या पाटीत भरून निघून गेला. बांधावर ती आणि समोर अर्धा मोकळा वाफा उरला.

संध्याकाळी प्रज्ञेशचा फोन वाजला. ग्रामपंचायतीचा मेसेज होता. अतिवृष्टीचा इशारा, डोंगराखालच्या कुटुंबांनी सुरक्षित ठिकाणी जावं. त्यानं तो नेहमीसारखा मोठ्यानं वाचला आणि फोन चार्जिंगला लावला.

शालन उठून गोठ्यात गेली. मोरीला त्यानं नायलॉनच्या नव्या दाव्यानं बांधलं होतं, गाठीवर गाठ. तिनं बोटं घातली. पेर दुखायला लागलं. पाण्यानं गाठ आणखी आवळली होती. तिनं नख लावलं, ते मोडलं. म्हैस तिचा दंड चाटत उभी. मग ती मागल्या दारानं स्वयंपाकघरात गेली आणि विळा घेऊन आली.

तोवर पायल गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली होती. ती लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात कामाला. रविवारची गर्दी उरकून नुकतीच आलेली, केस ओले, पायांत अजून चपला.

"दावं कापू नका, आत्या," ती म्हणाली. "नवीन आहे. थांबा."

तिनं केसातली पिन काढली आणि गाठीत खुपसून खटपट करायला लागली. तिलाही सुटेना. मान खाली घालूनच तिनं सांगितलं.

"समीक्षा बूट घालून झोपते."

नात बूट घालून का झोपेल, ते शालनला कळलं नाही.

"शाळेचे बूट. चादरीच्या आत. काल सकाळी अंथरूण काढताना मला दिसलं. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, डोंगर आला तर आजीसारखं पटकन निघता यायला पाहिजे." पायलनं पिन परत केसात खोवली. "पाऊस वाजला की जागी राहते ती. दुसरीतली पोरगी. वर्गात झोपते म्हणून बाईंनी बोलावलं होतं मला. ह्यांना सांगितलेलं नाही मी. तुमचा राग राग करतील."

मग ती म्हशीच्या पाठीवर थाप मारून आत गेली.

शालन दावणीच्या कडेला बसली. विळा मांडीवर. पोरीला आपण काही शिकवलं असं तिला आठवेना. एकदाच तिला विहारात नेलं होतं आणि पोरीला ताप भरला म्हणून पायलनं पुन्हा कधी पाठवली नव्हती, तेव्हा शालनला फार लागलं होतं. घरात आपल्यासारखं कुणी नाही असं ती धरून चालली होती. एक जण होतं. चादरीखाली बूट घालून पडलेलं, सात वर्षांचं. त्याचं तिला बरं वाटेना.

पत्र्यावर पाऊस वाढत होता. वरच्या बाजूला तोच काळा डोंगर, काहीच न बोलणारा. पोरीला त्याच्याखाली ठेवून जाता येत नव्हतं. तिच्या उशाशी बसून वाटही बघता येत नव्हती.

तिनं दावं कापलं.

मोरीला ओट्यापाशी उभी करून ती घरात आली. प्रज्ञेश टीव्हीसमोर होता, पायल ओले केस पुसत होती, समीक्षा भिंतीला टेकून चित्र रंगवत होती. शालननं फळीवरून पिठाचा डबा उतरवला. तवा घेतला, काटवट घेतली, मिठाची बरणी घेतली. घरातला संध्याकाळचा स्वयंपाक तिचाच असायचा. दोघं कामावरून येईपर्यंत भाकऱ्या झालेल्या असायच्या.

"आई, काय चाललंय?" प्रज्ञेशनं विचारलं.

"माळावर, आपल्या वरच्या तुकड्यात, तुज्या बापाची खोपी हाय," शालन म्हणाली. "पावसाळाभर मी तितं ऱ्हाणार. मोरीला हितला चिखल सोसत न्हाई."

"चिखल सोसत नाही? म्हशीला?"

"न्हाई सोसत." तिनं समीक्षाकडं पाहिलं, मग परत त्याच्याकडं. "डोंगराचं नाव ह्या घरात आता मी काढायची न्हाई. तुमीबी काढू नका. म्हस मी बांधीन, माज्या हातानं. आन् ज्या दिशी तुज्या फोनवर मेसेज येईल, त्या दिशी भाकरी वर खोपीत हुईल. पिठाचा डबा वर असंल. ज्याला जेवायचं असंल त्यानं पोरीला घिऊन वर यायचं. आज मेसेज आलाय."