दार नसलेला बाजार

कुवेतला जाऊन चार वर्षं झाली तरी तिथल्या दुकानांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता ज्याला सगळे मॉल म्हणतात, त्याला तेव्हा आमचे हे नुसतं ‘सेंटर’ म्हणायचे. हे एअरकंडिशनर दुरुस्तीच्या कामावर होते. शुक्रवारी सुट्टी असली की दोन्ही पोरांना घेऊन आम्ही तिथं जायचो, कारण आत गार असायचं. तीन मजले, सरकते जिने, आणि माल सगळा उघडा! उचला, बास्केटमध्ये टाका, कोणी हटकणार नाही. मी खोडाळ्याच्या मास्तरांची मुलगी. आमच्याकडे प्रत्येक वस्तूमागे एक माणूस बसलेला असतो. इथं माणूसच नाही म्हटल्यावर मला पक्कं वाटायचं, हा सापळा आहे.

छताच्या कोपऱ्यात घमेल्याएवढा फुगीर आरसा होता. “तो कशाला लावलाय, सांगा बघू?” मी यांना विचारलं. “असेल काहीतरी,” हे म्हणाले. असेल काहीतरी म्हणे! आपल्यासारख्यांवर पाळत ठेवायला लावलाय, एवढं यांना कळू नये? धाकटा चार वर्षांचा, द्वाड. त्यानं एखादं चॉकलेट बास्केटबाहेर हातात धरून नेलं, की चोर म्हणून धरतील, यांचा व्हिसा जाईल आणि चौघांची परत पाठवणी होईल, हे भूत माझ्या मानगुटीवर बसलेलं. थोरली आठ वर्षांची. तिच्याकडून मी दर शुक्रवारी घोकून घेतलं होतं. जे घेशील ते सगळ्यांना दिसेल असं बास्केटमध्ये ठेवायचं, काही लपवायचं नाही, आणि शेवटी दारापाशी पैसे दिल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. पोरगी शहाणी. एकदाही चुकली नाही.

त्या मे महिन्यात सुट्टीवर आलो. हे जव्हारला बहिणीकडे राहिले आणि मी पोरांना घेऊन माहेरी खोडाळ्याला गेले. बाजाराचा दिवस होता. सुक्या बोंबलांची घासाघीस करत मी बसले आणि मागे वळून बघते तर दोघं गायब. गर्दीत हाका मारत बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, तर एसटी थांबते तिथल्या आंब्याखाली थोरली उभी. एका हातात धाकट्याचं बखोट, दुसऱ्या हातात माझ्या बाबांची कापडी पिशवी. पिशवीत लाल कंगवा, रिबीन आणि पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं.

“कुठून आणलंस हे?”

“तिथून. आणि तिथून.”

“कोणाला विचारलंस?”

“कोणालाच नाही.” माझं डोकंच फिरलं. चार वर्षं ज्याला भीत होते ते इथं, माझ्या बापाच्या गावात! फाडकन तिच्या मुस्काटात दिली. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. ती रडली नाही. गाल धरून म्हणाली, “मम्मी, पैसे कुठं द्यायचे? मी केव्हाची दार शोधतेय.”

पोरीनं सगळं माझ्या नियमानं केलं होतं.

दोघांना घेऊन मी परत फिरले. कंगवा-रिबीनवाला जव्हारचा मुसलमान व्यापारी, दर बाजाराला पत्र्याची पेटी घेऊन यायचा. “बघितलं ना मी ताई,” तो म्हणाला. “मास्तरांची नात वाटली. म्हटलं, मागून कोणीतरी येईलच.” त्यानं नेहमीचाच भाव सांगितला, तरी माझ्या मनात आलं, आता हा दुप्पट लावणार. मेलं सवयच लागली होती.

करवंदवाली म्हातारी शेवटी बसली होती. डोंगरातल्या पाड्यावरून टोपली डोक्यावर घेऊन आलेली. तिनंही पोरीला द्रोण उचलताना पाहिलं होतं.

“मग हटकलं का नाहीस, बाय?” मी विचारलं. माझ्या आवाजात जरब होती, आणि ती कशासाठी होती कोण जाणे.

“कशाला हटकू? लहान पोर, खायलाच नेलंन ना.” मग तिनं पोरीच्या गालाकडे पाहिलं. त्यावर माझी बोटं उठली होती. “तू मारलीस?”

मी होकारार्थी मान हलवली.

“विचारून तरी मारायचंस,” म्हातारी म्हणाली आणि तिनं मूठभर करवंदं आणखी घातली.

थोरलीनं ती करवंदं खाल्ली नाहीत. धाकट्यानं सगळी फस्त केली. घरी येऊन मी तिला जवळ घेतलं, चुकलं गं माझं म्हटलं, तिनंही मान डोलावली. मला वाटलं, मिटलं.

जूनमध्ये परत कुवेत, परत शुक्रवार, परत तेच सेंटर. यांनी काउंटरवर पैसे दिले. आम्ही दाराकडे निघालो आणि थोरली मध्येच थांबली. पहारेकरी तिच्याकडे बघतही नव्हता. तिनं फ्रॉकचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले, दोन्ही तळवे पसरले आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“बघून घे, मम्मी,” ती म्हणाली. “घरी गेल्यावर मारू नकोस.”