ड्रमकाकांचे शेवटचे गिऱ्हाईक

ड्रमकाकांच्या दुकानात गेले की आधी त्यांचे धोतर दिसायचे आणि पाय. उरलेले काका निळ्या ड्रमच्या आत असत. कारखान्यांतून आलेल्या रसायनांच्या प्रत्येक रिकाम्या ड्रममध्ये खांद्यापर्यंत शिरून ते वास घेत, मग बाहेर येऊन लाल डोळ्यांनी निकाल देत: "हा चालते," नाहीतर "हा हरामी आहे." आदिलाबादच्या बाजारात असे ड्रम हातोहात जातात. लग्नाचे पाणी त्यात, घरची ज्वारी त्यात. हे पाहून माझे डोके अजूनही तापते.

गिऱ्हाइकाला काका आधी विचारत, "कायले पायजे?" एखादा तेलुगू माणूस "नीळ्ळकु" म्हणाला, म्हणजे पाण्यासाठी, की हरामी ड्रम त्याला मिळालाच नाही म्हणून समजा. लोक मग खोटे बोलत, सिमेंट कालवायला हवा म्हणत. काका त्यांच्या तोंडाकडे पाहत आणि विकत नसत. न विकलेले ड्रम अंगणात चढत गेले. काकू म्हणायच्या, "लोकायच्या अंगनात तुयस असते, माह्या अंगनात हे भुतं."

त्यांच्या नाकावर सगळ्यांचा विश्वास होता, त्यांचा स्वतःचा तर सर्वांत जास्त. म्हणूनच साडूच्या घरी पाठवलेला ड्रम त्यांच्या जिव्हारी लागला. त्याला वास अजिबात नव्हता. त्यातले पाणी प्यायलेली म्हैस आडवी पडली. ती वाचली, साडू पुढे बोलूही लागले. पण त्यानंतर काकांनी पाण्यासाठी एकही ड्रम विकला नाही. "ज्याले वासच नाही, त्याच्यापुढं नाक काय करीन?" एवढेच म्हणाले.

त्याच सुमारास मी 'विष हटवा' असे पत्रक काढले होते. काकांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले. "पोरी, झगडा बराबर केला तू. पर हटवून ठेवू कुठी? नाल्यात टाकलं तं खालच्या गावाचं पानी जाते. जाळलं तं धूर आपल्याच घरात." मी चिडले, आणि चिडूनच उत्तर शोधायला लागले. उत्तर होते सगळ्यांच्या विषारी कचऱ्यासाठी एकच केंद्र. तिथे प्रयोगशाळा असते, खास भट्टी असते, काही झिरपू नये म्हणून अस्तर घातलेले खड्डे असतात. रंगाच्या किंवा बॅटरीच्या छोट्या दुकानदाराला हे एकट्याने कधीच जमणार नाही. सगळ्यांनी मिळून जमते. शिवाय जाब विचारायला एकच दार. असे केंद्र दूरच्या जिल्ह्यात होते. त्यांची लॉरी आमच्याकडेही येणार होती, पण सगळ्यांनी मिळून माल दिला तरच.

त्यासाठी शेजारच्या मावला गावात बैठक झाली. गॅरेजवाले, बॅटरीवाले, रंगवाले कुरकुरत होते. जो तो आपला कचरा दुकानामागे टाकतो, त्यात काय बिघडले, असे त्यांचे म्हणणे. काका उठले. "मसनवटी गावाले एकच असते ना? का तुमी आपापल्या अंगनात जाळून राह्यले?"

हशा पिकला. मग एक गॅरेजवाला खवचटपणे म्हणाला, "काका, रिकामे ड्रमबी तिकडंच जातीन. मंग तुमी काय विकान?"

ते खरे होते. काकांचे घर त्याच धंद्यावर चाले. पत्रके काढणाऱ्या मलाही हे तोवर सुचले नव्हते. काकांनी टोपी सारखी केली.

"वांगे," ते म्हणाले, आणि होकाराचा पहिला हात त्यांनी वर केला.

बंद हौद्याची लॉरी आली. हातमोजे घातलेल्या माणसांनी एकेक ड्रम चिठ्ठी लावून वर चढवला. त्या दुकानाचे ते शेवटचे गिऱ्हाईक. लॉरी गेल्यावर काका मोकळ्या अंगणात बसून राहिले. काकू दारातून म्हणाल्या, "पोरगी सासरी गेल्यासारखं काऊन बसले?"

"वांग्याचे वाफे बसतीन का पाहून राह्यलो."

"या मातीत? म्हैस इसरले काय?"

काकांनी कपाळावर हात मारला. पुढच्या खेपेला अंगणातली वरची मातीही केंद्राकडे गेली.

आता ते काकूंच्या माहेरच्या मळ्यातली वांगी बाजारात विकतात. कमाई पूर्वीइतकी नाही, पण तब्येत सुधारली आहे आणि बडबड वाढली आहे. वांगी कुठल्या मातीतली, असे कोणी विचारले की त्यांना फार आनंद होतो. कोणी नाही विचारले, तरी सांगतात.