चाळणीवर उरलेले खडे

मृणालिनी केसकर जमिनीत फावडं घालण्याआधी तिची माफी मागते. वाकते, दोन बोटं मातीला टेकवते, कपाळाला लावते आणि मगच खणायला घेते. न्यूझीलंडमधल्या टाउपोच्या ज्या प्रयोगशाळेत ती मातीचे नमुने तपासायची, तिथल्या लोकांना पहिल्या वर्षी वाटायचं, बाईंचं काहीतरी पडलंय. एकदा तर एक जण बिचारा गुडघ्यांवर बसून शोधायलाच लागला.

"काय हरवलं?"

"काही नाही रे. पाय देणार आहे तिच्यावर, म्हणून विचारून घेतलं."

हळूहळू सगळ्यांना सवय झाली.

पुण्याहून आली तेव्हा तिच्याकडे रसायनशास्त्राची पदवी होती आणि कडेवर वर्षाची ऋग्वेदा. नवरा सुशांत वेलिंग्टनच्या एका सरकारी खात्याचं कॉम्प्युटरचं काम घरूनच करतो, त्यामुळे राहायला जागा कुठलीही चालत होती. तिला हे काम मिळालं ते हाताच्या गुणावर. माती वाळवायची, ढेकळं फोडायची आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची, हे पहिलं काम. खाली पडते ती माती, वर राहतो तो दगडगोटा, असा नियम. भाकरीचं पीठ चाळून तयार झालेला हात तो. मनगटाचा एक हेलकावा आणि चाळण स्वच्छ. मुख्य साहेब ग्रँट नव्या माणसांना सांगायचा, "लिनीकडे बघा, असं चाळायचं." पूर्ण नाव त्याच्या तोंडात बसत नसे.

वर उरलेले खडे ती बादलीत टाकायची आणि बादली मागच्या दाराबाहेर रिकामी करायची. आठ वर्षं. कोंडा टाकताना कोण विचार करतं?

गेल्या ऑगस्टमध्ये रुआपेहू या ज्वालामुखी डोंगराच्या उतारावरची माती आली. तिथलं पाइनचं जंगल तोडून झालं होतं. एका कंपनीला तो उतार खणून रस्त्याची खडी काढायची होती आणि जवळच्या गावातल्या काही मंडळींना तिथे मूळची झाडं लावायची होती, पहाडी देवदारासारखी, ज्यांना तिथले लोक काइकावाका म्हणतात. कंपनीने प्रयोगशाळेला विचारलं, या जमिनीत जंगल पुन्हा उभं राहील का? जमीन कशी, तर वर काळपट पालापाचोळा, त्याखाली ज्वालामुखीची तपकिरी राख, बोटांत चोळली तर लोण्यासारखी बुळबुळीत, आणि त्या राखेत निम्म्याहून जास्त पिवळट खडे. आपण टाचा घासायला वापरतो तोच हलका, भोकाभोकांचा दगड. हरभऱ्याएवढे, लिंबाएवढे.

मृणालिनीने चाळलं, खाली पडलं तेवढं मोजलं. पाणी धरण्याची ताकद अगदीच कमी भरली. रिपोर्टात लिहिलं गेलं की इथे रोपं तग धरणार नाहीत. चाचणी करणारीची सही तिचीच. खडी काढायच्या परवानगीची सुनावणी नोव्हेंबरात होती आणि त्या कागदावरच उताराचं काय ते ठरणार होतं.

सप्टेंबरात गणपतीला घरची तिघं ऑकलंडला गेली, सँडरिंगहॅमला नणंदेकडे. चांगले सोळा दिवस. परत येऊन बघते तर खिडकीतल्या सगळ्या कुंड्यांनी माना टाकलेल्या. एकच अळूची कुंडी ताठ, नवं पान काढून बसलेली.

"सुशांत, शेजारच्यांना पाणी घालायला सांगितलं होतंस?"

"विसरलो गं."

"मग हा अळू कसा जगला? अळू पाणी मागतो, बाकीच्यांपेक्षा आधी मरायला हवा."

"आई, मेबी इट्स मॅजिक," ऋग्वेदा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली.

मृणालिनीने कुंडी उलटी केली. तळाला पाणी निथळावं म्हणून तिनेच प्रयोगशाळेच्या मागच्या ढिगातले खडे वीतभर घातले होते. वरची माती कोरडी ठक्क. एक खडा घेऊन तिने सुरीने कापला. आतून ओला.

ती तिथेच फरशीवर बसली. देवघरासमोर बसावं तशी बसली, पण मनात प्रार्थना नव्हती. आठ वर्षं मी हे उकिरड्यावर टाकत आले. आणि ऑगस्टमध्ये एका अख्ख्या डोंगराला नापास केलं.

दुसऱ्या दिवशी तिने त्या उताराच्या राखून ठेवलेल्या पिशव्या उघडल्या. न चाळलेल्या मातीतले खडे वेचले, भिजवले, वरून पुसून वजन केलं, भट्टीत वाळवून पुन्हा वजन केलं. शंभर ग्रॅम कोरड्या खड्यांनी सत्तर ग्रॅम पाणी पोटात धरलं होतं. कागद घेऊन ती ग्रँटच्या टेबलापाशी गेली.

"रिपोर्ट गेलाय, लिनी. विषय संपला."

"रिपोर्ट गेलाय. डोंगर आहे ना अजून जागेवर?"

"दोन मिलिमीटरचा नियम मी केलेला नाही. सगळीकडे तोच आहे."

"सगळीकडचे दगड घट्ट असतील. हे नाहीत."

ग्रँट वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा काढला आणि नेमका खुपेल असा प्रश्न विचारला. "बरं, दगडात पाणी आहे. पण झाडाला ते मिळतं कशावरून? बूच लावलेल्या बाटलीतलं पाणी आहे ते."

अळूच्या मुळांनी खडे फक्त कवटाळले होते, आत शिरलेली तिने पाहिली नव्हती. उत्तर नाही म्हणून गप्प बसायचं, हे मात्र तिला पटेना. जेवणाच्या सुट्टीत तिने झाडं लावणाऱ्या मंडळाच्या प्रमुख बाईंना, हुइयाला, फोन लावला.

"किया ओरा, नमस्कार. मी त्या प्रयोगशाळेतली. तुमच्या डोंगराला नापास करणारी मीच."

पलीकडून खर्जातला आवाज, "अस्सं. मग काय, फुलं पाठवू तुला?"

"फुलं नकोत. त्या उतारावर एखादं जुनं काइकावाका उरलंय का? असेल तर मला त्याच्या मुळाशी खणायचंय."

एक उरलं होतं, ओढ्याच्या काठाला, यंत्र पोचलं नव्हतं तिथे. शनिवारी दोघी तिथे उभ्या राहिल्या. वरच्या कड्यांवर बर्फ होतं आणि वारा असा की नाक आहे की नाही ते चाचपून बघावं. हुइया सत्तरीला टेकलेली, डोक्याला लोकरीची टोपी, पायात गमबूट. तिने खणण्याआधी आपल्या माओरी भाषेत प्रार्थना म्हटली. मृणालिनीने वाकून बोटं टेकवली.

"झालं तुझं?" हुइयाने विचारलं.

"झालं."

"बरंय. आमचं लांबलचक असतं."

गुडघाभर खणून झाल्यावर राखेच्या थरात मुळं दिसायला लागली. मृणालिनीने फावडं टाकलं आणि हाताने उकरायला घेतलं. सुतळीएवढं एक मूळ लिंबाएवढ्या खड्यापाशी येऊन थांबलं होतं. तिने खडा ओढला, सुटेना. पुन्हा ओढला. मग जपून दोन तुकडे केले. आत, दगडाच्या भोकाभोकांतून, शेवयांसारखी पांढरी बारीक मुळं पसरली होती.

"हुइया, हे बघ! ही काय बाटली आहे?"

"आमची आजी सांगायची, हा उतार भर उन्हाळ्यातही तहानेने मरत नाही," हुइया म्हणाली. "पण आजीची सही चालत नाही ना. तुझी चालते."

सही. घरी येईपर्यंत तो शब्द तिच्या डोक्यात घोळत राहिला. सुनावणीसाठी द्यायच्या नव्या कागदावर ती नुसतं 'अधिक माहिती' असं लिहू शकली असती. ग्रँटनेही तेच सुचवलं. "चूक हा शब्द कशाला? आपलं सगळ्यांचंच नाव खराब होईल. आणि सुनावणीला गेलीस तर मी तुझी बाजू घेऊ शकणार नाही, सांगून ठेवतो."

"घेऊ नकोस. बाजू खड्यांची घ्यायची आहे."

सुशांत म्हणाला, "अगं, नोकरी जाईल."

"जाऊ दे. देवाने जमिनीत घातलेलं मी कचरा म्हणून फेकलं. ते चारचौघांत बोलायला नको?"

"बोल ना. मी कुठे अडवतोय? फक्त लिहून ने आणि वाचून दाखव. तू चिडलीस की मराठीत बोलतेस."

नोव्हेंबरात कौन्सिलच्या सभागृहात तीन पंच बसले होते. मागच्या रांगेत ग्रँट, हाताची घडी घालून. मृणालिनी काठापदराची साडी आणि वर जाड जॅकेट घालून उभी राहिली. लिहून आणलेलं तिने वाचलं, सरळ, कुठेही न थांबता. या रिपोर्टातली माती मी चाळली. वर राहिलेले खडे मी फेकले, मोजले नाहीत. ती चूक आहे आणि ती माझ्या सहीने झाली आहे.

कंपनीचा वकील उठला. अगदी गोड आवाजात म्हणाला, "म्हणजे ऑगस्टमध्ये तुम्ही चुकलात. मग आज तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

तिने कागद घडी करून ठेवला.

"माझ्यावर नका ठेवू." तिने पिशवीतून कालच त्या झाडाखालून आणलेला एक अख्खा खडा काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. मूळ त्यातून शेपटीसारखं लोंबत होतं. "हा मी फोडलेला नाही. आत काय आहे ते मलाही माहीत नाही. तुम्हीच फोडा."

वकील हसला, टायला हात लावला, खड्याला लावला नाही. शेवटी मधल्या पंच बाई उठून आल्या. त्यांनी टेबलाच्या कडेवर खडा दाबला आणि तो मोडला. त्यांनी आत पसरलेली पांढरी मुळं बघितली. मग तुकडे शेजारच्या पंचांकडे दिले, त्यांनी तिसऱ्याकडे. तिसऱ्याने बोट आत घालून चोळलं. बोट ओलं झालं.

सहा आठवड्यांनी निकाल लागला. मातीचा अहवाल विश्वास ठेवण्याजोगा नाही, म्हणून खडी काढायची परवानगी नाकारली. त्याआधीच प्रयोगशाळेने तिला पत्र दिलं होतं की पुढच्या वर्षीचा करार होणार नाही. ग्रँट दारापर्यंत पोचवायला आला, हात पुढे केला. तिने तो हातात घेतला आणि म्हणाली, "नवीन माणसाला सांग, आधी खडा फोडून बघ, मग चाळ."

आता ती आठवड्यातून तीन दिवस हुइयाच्या मंडळाच्या कामावर जाते. पगार कमी आणि थंडी जास्त. या जूनमध्ये पहिली आठशे रोपं लावायला निघाली. वरच्या रस्त्यावर एक ट्रक थांबला. चालकाने काच खाली करून खालच्या पिवळ्या, खडबडीत उताराकडे बघितलं.

"या रबलमध्ये, दगडगोट्यांत लावताय? एक तरी जगेल का?"

मृणालिनी खड्ड्यात गुडघ्यांवर बसली होती. तिने मान वर केली.

"जगतील. आणि नाही जगली, तर का मेली ते मीच खणून बघीन, आणि तुम्हाला बोलावून दाखवीन."

चालकाने काच वर घेतली. तिने रोपाभोवती राख आणि खडे दोन्ही हातांनी दाबले आणि पुढच्या खड्ड्याकडे सरकली.