आपांनी मला सून केलं

रेहानाआपा आमच्या कुंभार पिंपळगावात शिबिर घ्यायला आल्या की पाण्यानं भरलेला तांब्या मधोमध ठेवायच्या. घरात मार खाणाऱ्या बायांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्या त्या तयार करत. पहिला धडा एवढाच, "बाई दारात आली की आधी पाणी द्यायचं. तिचं पिऊन होस्तोवर आपलं तोंड बंद. जल्दी तुम्हाला असंल, तिला न्हाई."

मला हे पटायचं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण गावात वीस वर्षं पंच. नवरा-बायकोचं भांडण मी तासाभरात मिटवत असे. नवऱ्याकडून कागदावर लिहून घ्यायचं, बाईला साडी-चोळी द्यायची आणि नांदायला पाठवायचं. माझी लेक सुनीता शहागडला दिलेली. तिलाही मी असंच दोनदा परत पाठवलं होतं. अशाच एका शिबिराच्या वेळी ती तिसऱ्यांदा आली होती, कानाजवळ सूज घेऊन. बाजाराच्या दिवशी तिला पोचवायचं मी ठरवून टाकलं होतं.

शिबिर मारुतीच्या सभामंडपात होतं. किल्ली माझ्याकडं, म्हणून मी खांबाला टेकून बसलेलो. सुनीता चहा देत होती. मला राहवेना. म्हणालो, "आपा, एवढ्या कामाला तीन दिवस कशाला? मी एका तासात मिटवतो."

आपा चिडल्या नाहीत. "मंग या की आण्णा मधी. आज तुम्ही सून, ह्या बाया पंच. मिटवून दाखवा."

बाया पदराआड हसल्या. मीही हट्टानं जाऊन बसलो.

एकीनं विचारलं, "का मारलं त्यानं?"

"उगाच मारलं."

"उगाच कोण मारतंय? भाजी खारट झाल्ती का?"

"न्हाई."

"मंग उलटून बोलली असशील."

मी तावातावानं सांगायला लागलो, पण माझं बोलणं कोणी पुरं होऊ देईना. सवाल सगळे माझेच होते. गावानं ते वीस वर्षं ऐकले होते. तेवढ्यात किटली खाली ठेवून सुनीता पुढं आली.

"झालं ते झालं, बाई. साडी घेऊन देते. जा नांदायला."

आपांनी तांब्या माझ्याकडं सरकवला. मी तो उचलून लेकीपुढं ठेवला. तिचं पिऊन होईपर्यंत मी गप्प बसलो. मग ती बोलली, आणि दुपार कलली तरी मी मधे तोंड घातलं नाही.

बाजाराच्या दिवशी आम्ही शहागडची गाडी धरली नाही. आपांसोबत, अशा बायांसाठी सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडं गेलो. जावई म्हणाला, घर माझं. आपा म्हणाल्या, "नावावर कुणाच्या बी असू दे. ती नांदली तिथं, तिला बाहेर काढता येत न्हाई." भावकीनं टोमणा मारला, "पंचानं लेकीला कोर्ट दाखवलं." मी म्हणालो, "दाखवलं. तुम्ही बी बघून या." हेलपाटे बरेच झाले, पण कोर्टाचा हुकूम मिळाला. सुनीता त्याच घरात राहणार, नवऱ्यानं उंबरा ओलांडायचा नाही. कुलूप तिनं स्वतः उघडलं. मी पिशव्या धरून मागं उभा होतो.

आता आपांचे गुडघे गेलेत. सुनीताही कार्यकर्ती झालीय. यंदा जालन्यात कार्यकर्त्यांचा मेळावा झाला, मीही सोबत गेलो होतो. तिथं आपांनी तांब्या सुनीताच्या हातात दिला. "आता तू शिकव. मी बसून ऐकते."

सुनीतानं विचारलं, "सून कोण होणार?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी टोपी नीट केली आणि मधे जाऊन बसलो.

पहिल्या रांगेतून आपा म्हणाल्या, "विचारा काय विचारायचं ते. ही सून आता परत जाणारी न्हाई."