शाफ्टचं तिसरं ड्रॉइंग

खोपोलीच्या एका पंप कारखान्यात १९७४ साली ड्रॉइंगांचा जो सावळागोंधळ होता, तो आठवला की जुने कामगार अजून कपाळाला हात लावतात. पंप फिरवणाऱ्या एकाच दांड्याची, म्हणजे शाफ्टची, तीन ड्रॉइंगं तीन लेथवर! एकावर कुणी पेन्सिलीनं माप बदललेलं, दुसऱ्यावर कुणी भजी खाल्लेली. खरं कुठलं विचारावं, तर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

हे सगळं निस्तरलं काळूरामनं. तो चौक गावच्या बाजूचा, मॅट्रिक झालेला, पण कारखान्यात लागला शिपाई म्हणून. दोन वर्षं ड्रॉइंगांची ने-आण करून पाय दुखायला लागल्यावर एक दिवस मॅनेजरसाहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, एक लोखंडी कपाट द्या, एक वही द्या. मी लावून देतो." साहेब हसले, पण दिलं.

मूळ ड्रॉइंग कपाटात कुलूपबंद. लेथवर जाईल ती फक्त त्याची प्रत, तीही सही घेऊन. माप बदललं की नवा नंबर, आणि का बदललं ते वहीत लिहायचं. जुनी प्रत हातात पडल्याशिवाय नवी द्यायची नाही. जुनी फाडायची नाही, शिक्का मारून गठ्ठ्यात बांधायची. वहीच्या पानांना काळूरामनं स्वतः नंबर घातले. महिन्याभरात बडे बडे मिस्त्री ड्रॉइंगच्या खोलीच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहायला लागले, चरफडत का होईना. काळूरामला खुर्ची मिळाली, चावी मिळाली. त्याच्या बौद्धवाडीतला कारखान्यात खुर्चीवर बसणारा तो पहिला. बायको येसूबाई ही गोष्ट नळावर रोज कुणाला ना कुणाला सांगायची.

लेथ चालवणारा पांडू टर्नर पळसदरीचा, वयानं काळूरामच्या बापासारखा. काळूराम नवीन असताना कुणी त्याला जेवायला शेजारी बसू देईना, तेव्हा पांडूनं सरळ स्वतःचा डबा उचलून त्याच्या पुढ्यात मांडला होता. त्यामुळे पांडूदादा म्हटलं की काळूराम विरघळलाच!

दोन वर्षांनी शाफ्टचं माप पुन्हा बदललं आणि तिसरं ड्रॉइंग निघालं. दांडा दोन मिलिमीटरनं जाड झाला होता. पांडू शिफ्ट संपताना खिडकीशी आला. "जुनी हत्यारांच्या पेटीत राह्यली रं. उद्या आणून देतो." एवढ्यासाठी म्हाताऱ्या माणसाला परत कुठे पाठवायचं? काळूरामनं नवी प्रत देऊन टाकली. वहीत मात्र सही करून लिहिलं, 'जुनी आली नाही. उद्या.' आणि दुसऱ्या दिवशी दोघंही विसरले.

व्हायचं तेच झालं. चार दिवसांनी दुसऱ्या पाळीच्या माणसानं पांडूच्या पेटीतलं जुनं ड्रॉइंग काढलं आणि चाळीस दांडे बारीक करून ठेवले. सगळे भंगारात! साहेबांनी आकाशपाताळ एक केलं. पांडूला निवृत्तीला आठ महिने राहिले होते. तो मान खाली घालून म्हणाला, "जुना कागद मीच दडवून ठेवला. चूक माझीच हाय." काळूरामचं नावही त्यानं काढलं नाही. साहेब त्याला घरी बसवायला निघाले.

वही कुणी मागितली नव्हती. काळूराम गप्प राहिला असता तर खुर्ची राहिली असती, पांडूदादा गेला असता. दुपारी तो उठला आणि वही साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवली. "ही सही माझी हाय, साहेब. जुनी घेतल्याबिगर नवी मीच दिली."

पांडू ताकीद घेऊन सुटला. काळूरामला यार्डात माल उतरवायला घातलं, आणि चावी एका नव्या कारकुनाकडे गेली. येसूबाई नळावर अंधारातच जाऊन यायला लागली.

तिसऱ्या दिवशी पांडू तणतणत यार्डात आला. "गप बसाया काय जात होतं तुझं? मी घेतलं होतं ना अंगावर? आठ म्हयन्यांनी जाणारच होतो मी!"

"दादा, वहीत एक आन् तोंडात एक झालं असतं, तर उद्या त्या वहीला कुत्रं तरी इचारलं असतं का?"

"आन् तुझी खुर्ची रं?"

"तिचं वाईट वाटतंय," काळूराम म्हणाला. "लय वाईट वाटतंय, दादा." आणि सगळ्यांदेखत तो रडला. पांडू तसाच शेजारी उभा राहिला.

तेवढ्यात नवा कारकून धावत आला. "अहो काळूराम, शाफ्टचं चालू ड्रॉइंग कितवं? मिस्त्री खोळंबलेत."

काळूरामनं बाहीनं डोळे पुसले.

"तिसरं," तो म्हणाला. "पण माझ्या तोंडच्या शब्दावर देऊ नका. वहीत बघा, आन् जुनं हातात घेतल्याबिगर कुणालाबी देऊ नका."