दहावा फर्मा

बाइंडिंगखान्यात तिला सगळे थोरली म्हणत. एके काळी तिथे दोघी बहिणी कामाला होत्या, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी. धाकटी नऊ वर्षांपूर्वी काम सोडून गेली, पण थोरलीचं नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. कुणाची थोरली, असं नव्या बायका कधीमधी विचारत. तेव्हा ती ऐकू न आल्यासारखं करी.

तिचं काम सांगायला सोपं आणि पायांना अवघड. छापखान्यातून मोठाले कागद येत, एकेका कागदावर सोळा पानं छापलेली. त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानांची एक चोपडी तयार होते, तिला फर्मा म्हणायचं. लांबलचक टेबलाच्या कडेने फर्म्यांच्या थप्प्या ओळीने मांडायच्या, पहिला, दुसरा, तिसरा, असं करत शेवटपर्यंत. मग बायकांनी टेबलाभोवती चालत प्रत्येक थप्पीवरचा एकेक फर्मा उचलत जायचं. एक फेरी पुरी झाली की हातात एक अख्खं पुस्तक. थोरलीने अठ्ठावीस वर्षं अशा फेऱ्या मारल्या होत्या. एवढं नाकासमोर चालली असतीस तर एखादा समुद्र तरी लागला असता, असं तिचा नवरा म्हणे.

एवढी पुस्तकं हातावेगळी केली, पण वाचलं मात्र एकही नाही. तिला वाचता येत नव्हतं असं कुणी समजू नये. सातवीपर्यंत शिकली होती, अक्षरही मोत्यासारखं होतं. पण जी मजकुराकडे बघते तिचा हात मंदावतो, हे तिचं ठाम मत होतं. नव्या बाईला ती पहिल्याच दिवशी बजावायची की डोळे कागदाच्या कडेवर ठेव, अक्षरांवर नको. आचाऱ्याने प्रत्येक घास खायचा ठरवला तर पंगत उठणार कधी?

मालकांची एक रीत होती. एखादी प्रत दुरुस्त होण्यापलीकडे बिघडली तर ती काम करणाऱ्यांनी घरी न्यावी. त्यामुळे थोरलीच्या दोन खोल्यांत चाळीसेक पुस्तकं होती आणि त्यातलं एकही धड नव्हतं. कुणाचं मुखपृष्ठ उलटं, कुणाची पानं तिरपी कापलेली, एकाला तर दुसऱ्याच पुस्तकाचं कव्हर. सगळी कामाला मात्र लागलेली. दोन कपाटाच्या पायाखाली, एक खिडकी आपटू नये म्हणून फटीत, पाच पाण्याच्या पिंपाखाली.

आणि मग ती साथ आली, लॉकडाउन लागला, बाइंडिंगखान्याला कुलूप पडलं.

पहिल्या आठवड्यात तिने डबे घासले, दुसऱ्या आठवड्यात घासलेले डबे पुन्हा घासले. नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करणारा. त्याचंही दुकान बंद, म्हणून तो घरातला जो पंखा, जो मिक्सर व्यवस्थित चालत होता तो उघडून बसला. तिसऱ्या आठवड्यात थोरलीने कपाट पुसायला म्हणून हलवलं आणि पायाखालचं पुस्तक हातात घेऊन सहज उघडलं. ते मधमाश्यांवर होतं. उभ्यानेच दोन पानं वाचली, मग बसून दहा, मग तिथेच फरशीवर ऐसपैस. कपाट दुपारभर खोलीच्या मधोमध उभं राहिलं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं की पोळ्यात राबणाऱ्या माश्या सगळ्या बायकाच असतात. त्याने स्क्रू फिरवत विचारलं, मग नर काय करतात. काही नाही, ती म्हणाली, बसून खातात. नवऱ्याने दुसरा स्क्रू उचलला.

त्यानंतर तिला धरबंद राहिला नाही. पूल कसे बांधतात ते वाचलं, दातांची निगा वाचली, कुणा सर्कसवाल्याचं आत्मचरित्र वाचलं. प्रत्येक पुस्तकात काहीतरी अशी गोष्ट निघायची की जी आपल्या हाताखालून गेली होती आणि आपल्याला तिचा पत्ताही नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. तिला याचा राग येई आणि गंमतही वाटे. आपण अठ्ठावीस वर्षं नेमकं काय उचलत होतो, हे बघायची तिला आता हावच सुटली होती.

अशी ती पाण्याच्या पिंपाखालच्या एका पुस्तकापाशी पोचली. कव्हरला ओल लागली होती, आतून बरं होतं. कादंबरी होती. एक विधवा बाई स्टेशनजवळ खोल्या भाड्याने देते. एक भाडेकरू येतो, जडशीळ पेटी घेऊन. पेटी एवढी वजनदार की दोघांनी उचलावी लागते, म्हणून बाई त्याला मानाने वागवते, आगाऊ काही मागत नाही. मग एक दिवस माणूस गायब. पेटी तिथेच. बाई सहा महिने वाट बघते, पेटीवर बसून भाजी निवडते, पेटीशी बोलतेसुद्धा. शेवटी कुलूपवाल्याला बोलावते. एकशे चव्वेचाळीसाव्या पानाच्या तळाशी कुलूप तुटतं.

थोरलीने पान उलटलं. बाई पुन्हा पेटीवर बसून भाजी निवडत होती.

लेखकाचं वय झालं असेल, तेच तेच सांगतोय, असं वाटून ती वाचत राहिली. चार पानं गेल्यावर तिने आकडा बघितला. एकशे बत्तीस. पुढची पानं चाळली. पुन्हा एकशे चव्वेचाळीस, पुन्हा कुलूप तुटलं, आणि त्यानंतर थेट एकशे एकसष्ट. तिथे ती बाई भाडेकरूचा पत्ता शोधायला बसमध्ये बसलेली. पेटीत काय निघालं त्याचा कुठे उल्लेख नाही. नववा फर्मा दोनदा होता आणि दहावा नव्हताच.

आणि तेव्हा तिला कळलं की हे तेच पुस्तक.

तिने नावसुद्धा पाहिलं नव्हतं तेव्हा, फक्त भांडण पाहिलं होतं. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी दहाव्या फर्म्याच्या थप्पीवर कुणीतरी नवव्याचा गठ्ठा ठेवला. थप्पी संपत आली की नवा गठ्ठा ठेवायचं काम त्या दिवशी दोघी बहिणी आळीपाळीने करत होत्या. साठ प्रती शिवून, कापून झाल्यावर चूक उघडी पडली. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, कुणी ठेवला? धाकटीला काम करताना वाचायची खोड. फेरी मारता मारता वरचं पान वाचून घ्यायची, त्यावरून शंभरदा बोलणी खाल्लेली. थोरली म्हणाली, “तिचं लक्ष पानात असतं, मालक.” एवढंच वाक्य. आपण खोटं बोलतोय असं तिला मुळीच वाटलं नव्हतं. आपला हात तोवरच्या एकोणीस वर्षांत कधी चुकला नाही, मग दुसरं कोण असणार? सगळं खापर धाकटीच्या डोक्यावर फुटलं. तिने खुंटीवरची पिशवी काढली आणि गेली. तेव्हापासून अबोला. लग्नकार्यात दोघी दोन टोकांना बसत.

आता हे सगळं आठवलं तरी थोरलीचं मन पेटीतून निघेना, हेही खरंच सांगायला हवं. पेटीत काय होतं? दागिने? कुणाचे कपडे? रिकामी असेल तर मग एवढी जड कशी? तीन दिवस तिचा जीव टांगणीला लागला. भाताला शिट्ट्या जास्त झाल्या. तिने मालकांना फोन केला, तर ते म्हणाले, ते पुस्तक आता कुठे मिळायचं, आणि तुम्हाला काय करायचंय? शेवटी नवरा म्हणाला, ज्याने वाचलंय त्याला विचार ना. तो बोलून गेला आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की त्या टेबलाभोवती वाचणारी एकच बाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासून झाल्यावर तिने फोन लावला. धाकटी आता एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला. फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

“ताई? कोण गेलं?”

ते दिवसच तसे होते.  कुणी गेलं नाही, सगळे बरे आहेत, असं थोरलीने घाईघाईने सांगितलं आणि पुढचं काही जुळवून ठेवलेलं आठवेना, म्हणून सरळ विचारलं, “त्या पेटीत काय होतं गं?”

कुठली पेटी, धाकटीने विचारलं. थोरलीने भाडेकरू, विधवा बाई, कुलूपवाला असं सगळं सांगितलं.  मग धाकटी म्हणाली, थांब. काहीतरी सरकवल्याचा, ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

“माझ्याकडे आहे तो फर्मा,” धाकटी म्हणाली. “तेवढाच आहे. एकशे पंचेचाळीस. पहिल्या पानावर चित्र आहे, पानभर. उघडी पेटी.”

“चित्र?”

“हो. झाकण वर केलेलं, ती बाई वाकून बघतेय.”

थोरलीने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. घडी घातलेल्या फर्म्याचं पहिलं पान नेहमी वर येतं. म्हणजे त्या दिवशी दहाव्याची अख्खी थप्पी चित्राची होती. दिवसभर, प्रत्येक फेरीत, तिने त्या चित्रावर हात ठेवला होता. तिला ते आठवतच नव्हतं, कारण तिने ते पाहिलंच नव्हतं. नवव्याच्या पहिल्या पानावर नुसत्या ओळी. चित्रांच्या थप्पीवर चित्र नसलेला गठ्ठा कोण ठेवील? जिने एकदा तरी नजर टाकली असेल ती नाही. जिचे डोळे कडेवर आहेत तीच ठेवील.

“मग तो गठ्ठा मी ठेवला होता,” ती म्हणाली.

“हो.”

“तुला ठाऊक होतं?”

“मी वाचत होते ना, ताई.”

तू बोलली का नाहीस, असं थोरलीने विचारलं, आणि विचारल्याक्षणी तिला ते विचारल्याची लाज वाटली. धाकटीने शांतपणे सांगितलं की त्या दिवशी जाताना हा फर्मा तिने पिशवीत टाकला होता आणि दुसऱ्याच दिवशी तो घेऊन ती ताईच्या दारात आली होती, तिला चित्र दाखवायला. भावोजींनी दार उघडून सांगितलं की ती झोपलीय. थोरली झोपलेली नव्हती. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती आणि नवऱ्याला तिनेच तसं सांगायला लावलं होतं.

थोरलीला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. फोनवर नाक ओढत ती माफी मागत राहिली, एकच वाक्य तीनतीनदा, आणि धाकटीने ते पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? मला तर ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग.”

मग तिने फर्मा वाचून दाखवला. पेटीत विटा होत्या, वर्तमानपत्रात एकेक नीट गुंडाळलेल्या. माणसाकडे काहीच नव्हतं आणि पेटी हलकी दिसली तर खोली मिळणार नाही हे त्याला माहीत होतं. विटा पाहून ती बाई हसत सुटते. नऊ वर्षं धाकटीला कळलं नव्हतं की ती का हसते, कारण मागचं पुढचं तिच्याकडे काही नव्हतं. म्हणून थोरलीने नववा फर्मा वाचला. त्यात ती अडखळत नव्हती, दोनदा वाचलेला होता. दुपार झाली तेव्हा फोनची बॅटरी संपली.

नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने मान हलवली. तुम्ही दोघी बोलायला लागलात, झालं की, आता जुनी मढी उकरून काय करायचंय, असं तो म्हणाला. शिवाय बाइंडिंगखाना उघडला तर मालक निम्म्याच बायका ठेवणार अशी कुणकुण होती. त्यात स्वतःहून आपली चूक वाचून दाखवणारीला कोण ठेवील?  थोरलीलाही भीती वाटत होतीच. तिने लॉकडाउनच्या उरलेल्या दिवसांत आणखी सहा पुस्तकं संपवली, पण प्रत्येक पुस्तकात मध्येच कुठेतरी थांबून ती भिंतीकडे बघत बसायची.

बाइंडिंगखाना उघडला त्या सकाळी सहाच बायकांना बोलावलं होतं. तोंडाला फडकी बांधून, टेबलाभोवती हात हात अंतर ठेवून सगळ्या उभ्या राहिल्या. मालक दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पहिली फेरी सुरू होताना थोरली जागची हलली नाही. तो नवव्या फर्म्याचा गठ्ठा मी ठेवला होता, असं ती म्हणाली. कापडाआडून कुणाला नीट ऐकू गेलं नाही. काय म्हणतेय ही, असं बायका एकमेकींना विचारू लागल्या, आणि गप्प बसायची ही चांगली संधी होती.

तिने तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि मालकांकडे तोंड करून पुन्हा, मोठ्याने सांगितलं.