मर्यादवेलीच्या पलीकडं

साल सत्तावन्न. मी सव्वीस वर्षांचा होतो, परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. शिक्षण मराठी तिसरी; पुढं शाळेचं आणि माझं पटलं नाही. पण मोर्च्यात 'झालाच पाहिजे' म्हणताना माझा आवाज सगळ्यांच्या वर. इंग्रजी पाटी दिसली की हात शिवशिवायचे. दोन दुकानांच्या पाट्यांना मी स्वतः डांबर फासलंय. त्याची लाज मला आजही नाही. लाज आहे ती तिसऱ्याच एका पाटीची.

लग्नाला दोन महिने झाले होते. बायको मालवणकडची, चाळीत तिचा जीव गुदमरायचा. एका रविवारी म्हणाली, "वाळू तरी दाखवा." दादरच्या चौपाटीवर नेली, तर म्हणे, ही कसली वाळू, नुसती माणसां! मग चालत चालत माहीमच्या खाडीकडं गेलो. तिथं एका धर्मादाय ट्रस्टनं वाळूच्या टेकाडांचा तुकडा तार लावून राखला होता. आत गुडघाभर गवत, वाळूवर पसरलेली जांभळी फुलं, आणि गवतातून चंडोल सरळ वर उडत गात होते. बायको तारेला चिकटलीच. "मर्यादवेल!" म्हणाली. "आमच्याकडे म्हणतत, दर्या हिच्या पलीकडे येणा नाय."

तारेवर इंग्रजी पाटी होती.

"काय लिवलाहा हो?"

वाचता येत नाही हे बायकोला सांगायचं कसं? "काय असणार? गोऱ्यांची जुनी मिजास," असं म्हणून मी तार वाकवली आणि पाय आत टाकला.

झोपडीतून म्हातारा राखणदार धावत आला. "ओ दादा, बाहेर या! टिटवीची अंडी आहेत वाळूत. दिसत नाहीत ती."

"पाटी मराठीत लावा, मग ऐकू."

"अहो, मी मराठीतच सांगतोय ना?"

बायको फसकन हसली. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मागं यायचं सोडून मी वेल तुडवत मुद्दाम आणखी चार पावलं गेलो, आणि चपलेखाली काहीतरी करकरलं.

टिटव्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागल्या. वाळूत साधा खळगा, त्यात वाळूच्याच रंगाची ठिपकेवाली चार अंडी. तीन फुटली होती.

"आधीच फुटलेली होती," मी म्हणालो. "कुत्र्याचं काम."

राखणदार खाली बसला. माझ्या चपलेवर पिवळा बलक ओघळत होता, तो त्यानं पाहिला. म्हणाला, "उद्या सकाळी ट्रस्टच्या बाई येतात घरटी बघायला. कुत्रा शिरला म्हटलं तर मी झोपलो होतो असंच धरतील. एकदा ताकीद झालीय, दादा. ह्या वेळी नोकरी जाईल."

"तुमचं तुम्ही बघा," म्हणून मी तारेबाहेर आलो.

घरापर्यंत मी काहीबाही बोलत राहिलो, बायको पुढं बघून चालत होती. चाळीत आल्यावर तिनं माझी चप्पल मोरीत नेली, काडीनं खरवडून धुतली आणि दाराशी उभी करून ठेवली. मग म्हणाली, "दर्याक कळता. तुमका नाय कळणा."

तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं. पण नजर दाराशी उभ्या चपलेवर गेली. 

दुसऱ्या दिवशी सकाळपाळीला मी खाडा केला आणि माहीमला गेलो. बाई पोचल्या होत्या. राखणदार खाली मान घालून उभा होता. मी त्याच्या पुढं जाऊन उभा राहिलो. माफी हा शब्द काही माझ्या तोंडून निघाला नाही. एवढंच म्हणालो, "बाई, कुत्रा नव्हता. मी होतो. ह्यांनी मला अडवलं होतं."